अनुभवाचा दाखला

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून सगळं लिहून काढायचं ठरवलंय, कारण तोंडाने बोलले तर कुणाचं तरी डोकं फुटेल. बाबा म्हणतात, माझा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, फक्त हाक मारायचा अवकाश. असेल. पण कागद गोळा करायच्या कामाला अजून धड सुरुवातही झालेली नाही आणि मी आत्ताच दातओठ खायला लागले आहे. दातांच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईने निदान स्वतःचे दात तरी जपावेत.

तर झालंय असं. विद्यापीठात एक पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, कृत्रिम दात ज्या पदार्थांपासून बनवतात त्यांचा. दर वर्षी मी त्याची जाहिरात वाचते आणि पान उलटते, कारण त्यांना लागतात तेवढे टक्के माझ्याकडे नाहीत. पदवीच्या शेवटच्या वर्षी आई दवाखान्यात होती. मी परीक्षेला हजर होते, एवढंच म्हणता येईल. या वर्षी जाहिरातीच्या तळाशी एक नवी ओळ आली आहे. टक्के कमी असतील तर कामाचा अनुभव धरू, पण मालकाचं सविस्तर पत्र हवं. उमेदवार कोणकोणतं काम स्वतः करते हे त्यात लिहिलेलं हवं, आणि आम्ही मालकांना फोन करून खात्री करून घेऊ. ती ओळ वाचून मी इतकी जोरात ओरडले की बाबा आंघोळ अर्धी टाकून बाहेर आले.

म्हणजे लागणार काय काय? गुणांचा उतारा, कॉलेजने बंद पाकिटात दिलेला. एका प्राध्यापकांचं शिफारसपत्र. मला हे का शिकायचंय याचं निवेदन. आणि मालकांकडून अनुभवाचा दाखला. सात मार्चपर्यंत सगळं गेलं पाहिजे. यातला दाखला सगळ्यात सोपा. काका पुढच्या खोलीतच तर बसतात. उद्या मागते, परवा मिळेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मागितला. "बघू," म्हणाले.

काका म्हणजे आमच्या लॅबचे मालक. वयाने माझ्या वडिलांएवढे, म्हणून काका. आम्ही दोघंच आहोत. डॉक्टरांकडून पेशंटच्या दातांची मापं डब्यांतून येतात, सोबत चिठ्ठी असते, कुठला दात आणि कोणता रंग. पुढच्या खोलीत काका मापांत प्लास्टर ओततात, साचे काढतात, डॉक्टरांशी बोलतात. मागच्या खोलीत खिडकीपाशी मी. पोर्सिलेनचे थर चढवायचे, रंग जुळवायचे, भट्टीत भाजायचे, घासायचे. पूर्वी खिडकीपाशी काका बसत. दोनेक वर्षांपूर्वी एके दिवशी म्हणाले, "तू बस तिकडे, मला तिथला वारा बाधतो." तेव्हापासून बारीक काम सगळं माझ्या गळ्यात आणि गप्पा त्यांच्या वाट्याला.

आज मी दाखल्याचं सगळं समजावून सांगितलं. एवढं जीव तोडून सांगतेय आणि हे माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. हल्ली ही एक नवीनच तऱ्हा. आपण समोर उभे असलो तर मान तिरकी करून आपल्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघतात, जणू माझ्या मागे कुणीतरी जास्त महत्त्वाचं माणूस उभं आहे. सगळं ऐकून घेतलं, "बघू" म्हणाले आणि चिठ्ठी पुढे केली. "एवढी वाच गं. चष्मा घरी राहिला."

चष्मा रोज घरी राहतो. डोकं तेवढं आणतात, नशीब.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्धी रजा टाकून कॉलेजात गेले. उताऱ्याच्या खिडकीमागे एक गृहस्थ बसतात. त्यांनी माझं वर्ष ऐकलं आणि असा चेहरा केला की मी त्यांच्याकडे एखाद्या राजाच्या काळातली सनद मागतेय.

"जुना अभ्यासक्रम तुमचा."

"तेव्हा तो नवाच होता हो."

"जुन्याचे गठ्ठे वर असतात. वरचा माणूस रजेवर आहे."

"कधी येणार?"

"रजा संपली की."

या उत्तरात खोट काढायला जागा नव्हती म्हणून मी जास्तच चिडले. शेवटी अर्ज भरून घेतला, दहा दिवसांनी या म्हणाले. बंद पाकीट हवं, झाकणावर शिक्का हवा, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी खिडकी लावून घेतली.

१० फेब्रुवारी, सोमवार

शुक्रवारी मी नव्हते तेवढ्यात काकांनी एक समोरचा दात स्वतः करून पाठवून दिला. मोठ्या डॉक्टरबाईंचा पेशंट. आमचं निम्म्याहून अधिक काम या बाईंकडून येतं, त्यांचा दात म्हणजे आमच्याकडे व्हीआयपी. आज तो परत आला. सोबत चिठ्ठी होती, ती मीच काकांना वाचून दाखवली: "रंग अजिबात जुळत नाही. पेशंट म्हणते, दात शेजारणीकडून उसना आणल्यासारखा दिसतो."

मला हसू आवरेना. काका मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बल्ब बदलायला झालाय." बल्ब मी मागच्या महिन्यात बदललाय. दात हातात घेऊन बघितला तर रंगाच्या पट्टीवर चार घरं पलीकडचा. ज्या माणसाने मला हे काम शिकवलं, ज्याला नुसत्या ओठांच्या रंगावरून दाताचा रंग सांगता यायचा, त्याने हे करावं? मला तर वाटतं, मी रजा घेतली त्याचा राग दातावर काढला. पुन्हा करून दिला मीच. जेवायला चार वाजले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी माझ्या जुन्या प्राध्यापक बाईंच्या घरी गेले. त्यांनी मला ओळखलं, निदान ओळखल्यासारखं केलं. शिफारसपत्राचं म्हटल्यावर म्हणाल्या, "हो हो, अवश्य. तू लिहून आण, मी सही करते."

"मीच?"

"सगळे तसंच करतात गं. तुझ्याबद्दल तुझ्याएवढं कुणाला माहीत असणार?"

घरी येऊन कोरा कागद समोर घेतला. 'ही विद्यार्थिनी अत्यंत' इथपर्यंत पोचले आणि घोडं अडलं. अत्यंत काय? अत्यंत चिडकी. अत्यंत हजर. स्वतःची स्तुती स्वतःच्या हाताने लिहायची, वर ती दुसऱ्याच्या तोंडी घालायची, हे मला साता जन्मांत जमणार नाही. बाबांनी मदत करायची म्हणून खुर्ची ओढली आणि सांगायला लागले, "लिही, स्वभावाने सरळ, वेळेवर औषधं देते, भाजी निवडून घेते."

"बाबा, हे विद्यापीठाला पाठवायचंय. स्थळ बघायचं नाहीये."

"गुण ते गुण," असं म्हणून ते रुसून टीव्हीसमोर जाऊन बसले. शेवटी लिहिलं कसंबसं. वाचलं तर वाटलं, ही बाई भेटली तर मला मुळीच आवडणार नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दाखला नाही. रोज विचारते, रोज "बघू." मग मी विचार केला, प्राध्यापकांना चालतं तर यांनाही चालेल. स्वतःच मसुदा छापून नेला. विनयाने लिहिला होता अगदी. 'सदर कर्मचारी माझ्या देखरेखीखाली पोर्सिलेनची कामे करते, रंग जुळवण्यात मला साहाय्य करते.' म्हटलं, काकांचा मान राहील आणि माझंही काम होईल.

त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, कडेने बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "अक्षर मुंगीएवढं आहे. मोठं करून आण."

आता हा निव्वळ छळ झाला. दुपारी जाऊन इतक्या मोठ्या अक्षरात छापून आणलं की पहिलीच्या वर्गात भिंतीला लावता यावं. चांगले सहा कागद झाले. मुद्दामच केलं. म्हटलं, घ्या आता. त्यांनी सहाही कागद नीट जुळवले आणि पिशवीत घालून घरी घेऊन गेले. उपरोध कळण्यासाठी पण माणसाचं लक्ष लागतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उतारा मिळाला! वरचा माणूस रजेवरून आला, गठ्ठा सापडला, पाकीट बंद झालं, झाकणावर गोल शिक्का, शिक्क्यावर सही. मी ते पाकीट दोन्ही हातांत धरून घरी आणलं, टेबलावर ठेवलं आणि उरलेली हजेरी लावायला लॅबमध्ये गेले.

पुढचं लिहायचं तर आधी बाबांच्या यंत्राचं सांगावं लागेल.

बाबा निवृत्त झाल्यावर त्यांनी लॅमिनेशनचं यंत्र घेतलं. आईला हसू यायचं त्याचं. घरात जे काही सपाट आहे ते सगळं बाबांनी प्लास्टिकमध्ये घातलेलं आहे: रेशनकार्ड, लसीचा कागद, टीव्हीच्या वॉरंटीचं कार्ड (टीव्ही गेला, कार्ड आहे), आईच्या हातचं वाणसामानाचं एक चिटोरं. संध्याकाळी घरी आले तर माझा उतारा टेबलावर चकाकत होता. चारही बाजूंनी सुबक कडा सोडलेल्या. बाबा शेजारी उभे, शाबासकीची वाट बघत.

"पाकीट फोडलंत?"

"मग काय पाकिटासकट करायचं होतं?"

मी टेबलाखाली पाकीट शोधायला लागले. तेव्हा ते आणखी खुलले. "पाकीटपण केलंय वेगळं. वरचा शिक्का छान होता, म्हटलं वाया का घालवा."

खरंच केलं होतं. रिकामं, फोडलेलं, सरकारी पाकीट, प्लास्टिकमध्ये. मी इतकी ओरडले की वरच्या मजल्यावरची माणसं चालायची थांबली. बाबा म्हणाले, "मला वाटलं, आता पुन्हा कधी खराब व्हायला नको." मग आत गेले. जेवले नाहीत. मीही जेवले नाही. हे असं एकाच घरात दोघांनी उपाशी राहण्यात काय फायदा आहे, कुणी सांगावं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाबा सकाळी माझ्या आधी तयार होऊन दारात उभे. म्हणाले, "मी येतो. चूक माझी आहे, शिव्या मी खाईन." नको म्हटलं तरी आले. खिडकीतल्या गृहस्थांसमोर त्यांनी ती दोन्ही लॅमिनेशन ठेवली. गृहस्थांनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच मऊ झालेला पाहिला.

"हे घरी केलंत?" त्यांनी बाबांना विचारलं.

"घरी."

"बुडबुडा एकही नाही."

त्यानंतर दोघं जाडी आणि तापमान यावर बोलत राहिले. मी म्हणजे खांब. पण नवीन उतारा मात्र आठवड्यात द्यायचं कबूल झालं. येताना बाबांची चाल बघण्यासारखी होती. मला राग पुरता आलाही नाही आणि गेलाही नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काकू, म्हणजे काकांच्या मिसेस, डबा घेऊन लॅबमध्ये आल्या. हल्ली त्या रोज येतात आणि संध्याकाळी काकांना न्यायलाही येतात. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. काका हात धुवायला गेले तेव्हा माझ्याजवळ आल्या.

"तुझं ते पत्र मी वाचून दाखवलं त्यांना. दोनदा."

म्हणजे माझ्या मसुद्याचं घरी जाहीर वाचन झालं तर! नवरा-बायको मिळून माझी गंमत करत होते की काय, देव जाणे.

"मग? काय म्हणाले?"

काकू थोडा वेळ माझ्या टेबलावरचे दात बघत राहिल्या. "तू सगळं खरं लिहिलंयस का गं त्यात?" असं विचारलं.

मी तडकले. मी म्हटलं, "काकू, उलट कमीच लिहिलंय." त्या म्हणाल्या, "तेच." एवढ्यात काका आले. काकूंनी डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला, पोळी कुठे आणि भाजी कुठे ते सांगितलं, जसं काही चार डब्यांत माणूस हरवणार होता. काहीतरी शिजतंय या दोघांचं. मला ताकास तूर लागू देत नाहीत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज स्फोट झाला.

काकांनी ते सहा कागद परत दिले. म्हणाले, "'माझ्या देखरेखीखाली' आहे ते काढ."

म्हणजे आता हा माणूस माझी जबाबदारीसुद्धा घ्यायला तयार नाही! मी म्हटलं, "मग काय लिहू?"

"जे आहे ते लिही."

"काय आहे ते तुम्ही सांगा ना! मालक तुम्ही आहात."

ते अंगठ्याने एका दाताची कड चाचपत बसले. ते बघून माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुम्हाला मी जायला नकोय. सरळ सांगा तसं. महिनाभर झुलवू नका. तुमचं इथे अडेल म्हणून माझा कागद अडवून ठेवलाय तुम्ही."

बोलले आणि ऐकणाऱ्या भिंतींचीही लाज वाटली. पण मागे घेतलं नाही.

काका म्हणाले, "अडेल हे खरं आहे." मग म्हणाले, "पण कागद त्यासाठी अडवलेला नाही."

"मग कशासाठी?"

"चहा सांगतो," म्हणाले आणि उठून दाराकडे गेले. जाताना नेहमीच्या स्टुलाला पाय अडकला. चहा आला, माझा पेला भरताना अर्धा टेबलावर. कामात लक्ष नाही, बोलण्यात लक्ष नाही, चहात लक्ष नाही. मी हात टेकले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

प्राध्यापक बाईंनी शिफारसपत्रावर सही केली, न वाचता. मी म्हटलं, एकदा नजर टाका. तर म्हणाल्या, "तू लिहिलंयस ना, मग चांगलंच असणार." खरं म्हणजे कुणीतरी वाचावं अशी माझी इच्छा होती. अत्यंत कष्टाळू, अत्यंत जिज्ञासू ती बाई अशीच पाकिटात गेली.

नवीन उतारा आला. तो मी उशाखाली ठेवून झोपते. बाबांनी स्वतःहून लॅमिनेशनचं यंत्र माळ्यावर टाकलं. मी काही म्हटलं नव्हतं. माळ्याकडे बघून मलाच कसंतरी झालं.

४ मार्च, मंगळवार

मुदत शुक्रवारी. आज सकाळी लॅबमध्ये गेल्या गेल्या काकांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं आणि तीन कोरी लेटरहेड समोर सरकवली. तिन्हींवर खाली सही.

"तुला हवं ते लिही."

एवढ्या वर्षांची चाकरी आणि ओळ एक नाही! स्वतःच्या हाताने चार शब्द खरडायचे कष्ट नाहीत. बरं सही तरी धड असावी? छापलेल्या नावावर चढलेली, एक तर पार कागदाच्या कडेला निसटलेली. लहान मुलाने केल्यासारखी.

मी तिथेच त्यांच्या टेबलावर लिहायला बसले. रागारागात भराभर लिहिलं. "वाच," म्हणाले. वाचलं.

"'रंग जुळवण्यास मदत करते'," काकांनी मध्येच थांबवलं. "'मदत' काढ."

"मग कागद फुकट जाईल."

"जाऊ दे. दुसरा आहे."

दुसरा घेतला. लिहिलं, वाचलं. "'कधीकधी स्वतंत्रपणे'. 'कधीकधी' काढ."

"काका, आता हे तुम्ही—"

"तिसरा आहे ना."

तिसऱ्या कागदावर असं झालं: 'रंग निवडणे, थर देणे, भाजणे व अंतिम तपासणी ही सर्व कामे ती स्वतः करते.' हे लिहिताना माझीच जीभ चावली जात होती. इतकं ढळढळीत? उद्या फोन आला आणि काकांनी कानावर हात ठेवले तर मी विद्यापीठात खोटारडी ठरेन. तसं म्हटलंही त्यांना. म्हणाले, "फोन आला की मी बोलेन." आणि मान तिरकी करून पुन्हा माझ्या कानापलीकडे बघत बसले.

कागद मिळाला, पण आनंद म्हणून काही झाला नाही. इतके दिवस दारात उभं राहून भिक्षा मिळावी तसं वाटलं.

७ मार्च, शुक्रवार

गेलं सगळं. बंद पाकिटं सकाळी विद्यापीठात देऊन आले, मग अर्ज ऑनलाइन भरायचा. पोर्टल दोनदा बंद पडलं, फोटोची पार्श्वभूमी पांढरी असूनही पांढरी नाही असं म्हणालं, बाबांनी मागे उभं राहून "रिफ्रेश कर, रिफ्रेश कर" असा जप केला. शेवटी एकदाचं हिरवं चिन्ह आलं. बाबांनी विचारलं, "प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं तर... ते मला देशील?" आणि माळ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आधी येऊ तर दे. म्हणजे हो.

आता फक्त तो फोन. काका काय बोलतील याचा काही भरवसा नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहायचं आहे.

दुपारी मोठ्या डॉक्टरबाई स्वतः लॅबमध्ये आल्या होत्या. त्यांच्याकडे एक अवघड केस आली आहे, वरचे समोरचे सहाही दात, ती समजावून द्यायला. काकांनी आवाजावरून ओळखून स्वतः खुर्ची ओढून दिली, पाणी मागवलं. दोघं बोलत होती, मी मागे भट्टीपाशी. मधलं दार उघडंच असतं. तेवढ्यात काकांचा फोन वाजला.

"हो, मीच मालक. बोला."

विद्यापीठाचा आहे हे मला त्यांच्या पुढच्या वाक्यावरून कळलं, आणि माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. पलीकडचं ऐकू येत नव्हतं. काकांचंच ऐकू येत होतं.

"हो, पत्र मी दिलंय... हो, सही वाकडी आहे, माझीच आहे."

मग बराच वेळ पलीकडचा माणूस बोलत होता.

"बरोबर आहे तुमचं. दोन माणसांची लॅब, आणि सगळं हीच करते, तर मालक काय करतो, असंच ना?"

मला वाटलं, उठून दार लावावं. काकांनी फोन घेऊन बाहेर जायला हवं होतं. डॉक्टरबाई तिथेच, हातभर अंतरावर बसल्या होत्या आणि त्यांचं बोलणं थांबलं होतं.

"मालक प्लास्टर ओततो," काका म्हणाले. "मला दिसत नाही, साहेब. कडेकडेचं दिसतं, समोर धरलेलं नाही. डोळ्याच्या मागचा पडदा गेलाय, त्याला आता इलाज नाही. दोन वर्षं झाली. दाताचा रंग मी शेवटचा कधी बघितला ते मला आठवत नाही. या दोन वर्षांत माझ्या नावाने जो जो दात बाहेर गेला, तो या मुलीने केलाय. मदत वगैरे नाही. तिनेच."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"लिहा की. तसंच लिहा."

फोन ठेवला. मग डॉक्टरबाईंचा आवाज आला.

"माझ्या पेशंटचे सगळे?"

"सगळे."

"आणि तो मी परत पाठवला होता, मागच्या महिन्यात?"

"तो माझा होता," काका म्हणाले.

मी दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या कानाच्या पलीकडे बघितलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की ते इतके दिवस मलाच बघत होते. तसं बघितलं तरच मी त्यांना दिसत होते.

डॉक्टरबाईंनी डबा उचलला. मला वाटलं, घेऊन जाणार. त्या काकांच्या टेबलाला वळसा घालून आत आल्या आणि डबा माझ्या खिडकीपाशी ठेवला. "तू जाशील तेव्हा मला आधी कळव," म्हणाल्या. वाईट बोलल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. पण त्याचा अर्थ काकांनाही कळला आणि मलाही. मी असेपर्यंत काम आहे.

त्या गेल्यावर मी काकांवर ओरडले. दुसरं काही सुचलंच नाही. "बाहेर जाऊन बोलता आलं नसतं? त्या बसल्यात हे माहीत होतं ना तुम्हाला? खुर्ची तुम्हीच दिली होती!"

"माहीत होतं."

"मग?"

"बाहेर जाऊन खरं बोलायचं आणि आत येऊन त्यांना खोटं सांगत बसायचं? पुरे झालं गं."

"मला का नाही सांगितलंत?"

"आधी लाज वाटायची," काका म्हणाले. "मग तू अर्जाचं काढलंस. तेव्हा सांगितलं असतं तर तू अर्ज केला असतास का?"

मला हो म्हणता आलं नाही. महिनाभर मी या माणसाबद्दल या वहीत काय काय लिहिलंय. चष्मा, चहा, मुंगीएवढं अक्षर, ते सहा कागद. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही. भट्टीची शिटी वाजली म्हणून आत गेले.

१९ मार्च, बुधवार

सकाळी पोर्टल उघडलं. 'कागदपत्रे: पूर्ण.' बाबांनी टाळ्या वाजवल्या. ज्यासाठी इतके दिवस आदळआपट केली तो शब्द समोर होता आणि मला नुसता राग येत होता. नक्की कुणाचा, ते सापडत नव्हतं. प्रवेश मिळाला तर मी जाणार. हे मी स्वतःला दोनदा सांगितलं, मग बाबांना सांगितलं, म्हणजे आता फिरवता येणार नाही.

लॅबमध्ये गेले तर नवीन डबा आलेला. काका माप बाहेर काढून चिठ्ठी हातात धरून बसले होते. मी दिसले, किंवा माझी चाहूल लागली, तसं सवयीने म्हणाले, "अगं, चष्मा घरी—" आणि तिथेच थांबले.

मी पिशवी खाली ठेवली, स्टूल त्यांच्याजवळ ओढलं आणि चिठ्ठी घेऊन वाचायला लागले.